वर्गणी काढून राखलेलं रान, पाणथळ, देवराई: तुमचे अनुभव सांगा (अनुभव धागा)

ओलीमाती:
आमच्याकडे, म्हणजे बॉस्टनच्या पश्चिमेला, सडबरी व्हॅली ट्रस्टीज नावाचा लँड ट्रस्ट आहे. सडबरी, असाबेट आणि कॉन्कॉर्ड या तीन नद्यांच्या खोऱ्यातली 36 गावं त्यांच्या कामात येतात. 1953 साली सात जणांनी मिळून सुरू केलेली संस्था, सरकारी खातं नाही, कंपनी नाही, मोठा आधार लोकांच्या देणग्यांचा. जंगलाचा तुकडा किंवा नदीकाठची दलदल विकायला निघाली की बिल्डरच्या आधी पोचायचं, पैसे उभे करायचे आणि जमीन घ्यायची, आणि मालकाला विकायचीच नसेल तर त्याच्याशी कायमचा करार करायचा. त्याला इथे कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन म्हणतात. जमीन मालकाचीच राहते, तो तिथे राहू शकतो, विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, फक्त बांधकामाचा हक्क त्याने सोडलेला असतो आणि तो कागद नोंदणीत चढलेला असतो त्यामुळे पुढे कितीही मालक बदलले तरी बंधन सुटत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये या कराराला गावाची आणि राज्याच्या पर्यावरण सचिवांची मंजुरी लागते, त्यामुळे वेळ लागतो पण कागद पक्का होतो.

धागा काढायचं कारण असं की "अमुक एकर वाचवा" म्हटलं की लोक पटकन पैसे देतात, फोटो येतो, टाळ्या होतात. पण त्यानंतर दरवर्षी हद्दीवरून चालत जाऊन बघायचं की शेजाऱ्याने कुंपण आत सरकवलंय का, कुणी बागेचा कचरा आणून टाकलाय का, बिटरस्वीटच्या वेलींनी झाडं गळ्यापर्यंत आवळली आहेत ती कापायची, ओल्या वाटेवरच्या फळ्या बदलायच्या, याला पैसे मागितले की लोकांचा हात आखडतो. माझं आता पक्कं मत झालंय की खरेदीला दिलेल्या पैशाइतकाच राखणीला दिलेला पैसा मोलाचा आहे, आणि आपली मराठी मंडळी यात अजून फार कमी दिसतात म्हणून मुद्दाम इथे लिहितेय.

मला स्वतःला यात ओढलं ते व्हर्नल पूलने. जंगलातलं हे खोलगट पाणी, बर्फ वितळला की भरतं आणि बहुतेक उन्हाळ्यात आटतं. आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत आणि मासे नाहीत म्हणून वुड फ्रॉग आणि पिवळ्या ठिपक्यांचे सॅलमँडर तिथेच अंडी घालतात. मार्चअखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला पहिला उबदार पाऊस रात्री पडला की ते सगळे जंगलातून त्या पाण्याकडे निघतात, मध्ये रस्ता आला तर गाड्यांखाली मरतात. आम्ही हेडलॅम्प लावून रस्त्यावर उभे राहतो. हात आधी ओले करायचे, क्रीम वगैरे लावलेलं नको कारण त्यांची कातडी सगळं शोषून घेते, मग अलगद उचलायचं आणि तो ज्या दिशेला निघाला होता त्याच बाजूला पलीकडे सोडायचं. सॅलमँडर वीतभर लांब, काळाभोर, गार, आणि तोंडावर कायम हसल्यासारखा भाव. नंतर पाण्यात अंड्यांचा जेलीसारखा गोळा दिसतो, त्यात पुढे हिरवट झाक येते ती शेवाळाची, ते शेवाळ त्या अंड्यांतच वाढतं. आता यात गोष्ट अशी आहे की नुसतं ते पाणी वाचवून काही होत नाही, वर्षातला बाकी वेळ हे प्राणी आजूबाजूच्या जंगलात पानांखाली, मातीखाली असतात, म्हणून डबकं आणि जंगल दोन्ही एकत्र राखावं लागतं. लँड ट्रस्ट लागतो तो इथे.

तुम्ही कुठे पैसे दिलेत, जमीन दिलीय, श्रमदान केलंय, किंवा घरची जमीन अशी राखली आहे? नंतर तिचं काय झालं? सविस्तर लिहा.

कातळफूल:
ताई, चांगला विषय काढलात. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. कोकणात जंगल म्हटलं की लोकांना वाटतं फॉरेस्ट खात्याचं असेल, पण आमच्याकडे बहुतेक रान खासगी मालकीचं, सातबाऱ्यावर आजोबा पणजोबांची नावं, सामायिक, त्यातले अर्धे वारस मुंबईला. रानाचं उत्पन्न काही नाही, मग दर काही वर्षांनी लाकडाचा ठेकेदार येतो, उभं रान एकरकमी ठरवतो, सगळ्या वारसांना थोडे थोडे पैसे वाटतो आणि ऐन किंजळ सगळं साफ करून ट्रक भरून घाटावर नेतो. ठेकेदाराला दोष देऊन उपयोग नाही, चुलत्यांपैकी कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचं घर गळत असतं. पैसे लागतात हो.

आमचा तुकडा वाचला तो बेहड्यामुळे. पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठावर जुने मोठे बेहडे आहेत, त्यातल्या एकाच्या ढोलीत ककणेर (धनेश) बसतो. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट, आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. ढोल जुन्या जाड झाडालाच पडते, पंधरा वर्षांचं झाड लावून ककणेर येत नाही. हे वडील मुंबईच्या चुलत्यांना फोनवर सांगायचे आणि ते म्हणायचे सगळं खरं पण आमच्या हिश्शाचं काय?

मग संवर्धन कराराची माहिती मिळाली. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन, एईआरएफ, ही 1994 पासूनची संस्था आमच्या भागात खासगी जंगलमालकांशी असे करार करते, रान तोडायचं नाही आणि त्याबदल्यात मालकाला मोबदला. शिवाय त्यांनी फेअरवाइल्ड (रानातून जपून गोळा केलेल्या मालाला मिळणाऱ्या) प्रमाणपत्राखाली बेहड्याची फळं गोळा करायचं काम लोकांना दिलं, त्यात सगळी फळं ओरबाडायची नाहीत, रानासाठी आणि पाखरांसाठी ठेवायची, आणि ती फळं इंग्लंडच्या पुक्का हर्ब्ज कंपनीने घेतली. झाड उभं ठेवून पैसे, हे पहिल्यांदाच ऐकलं लोकांनी. आमच्या घरात सगळे वारस एका कागदावर आणायला जो त्रास झाला तो वेगळाच विषय. एका चुलत्यांची सही पावसाळाभर अडली, शेवटी गणपतीला सगळे घरी आले तेव्हा आरतीनंतर ओटीवरच बसून झाली.

तुमच्याकडचा करार कायमचा आणि आमच्याकडचा ठरावीक वर्षांचा, एवढा एक फरक मला खटकतो. मुदत संपली की पुन्हा सगळ्यांना विचारा, आणि तोवर लाकडाचा भाव वाढलेला असतो. म्हणून शहरातल्या लोकांनी एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षी थोडी द्यावी. मालकाला पुढच्या वर्षीचेही पैसे येणार ही खात्री असली की ठेकेदाराला नाही म्हणायला जोर येतो.

घाटवाट_पुणे:
कातळफूल दादा, शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावावीत अशी.

आमचा अनुभव मुळशीकडचा. मित्रांनी मिळून ओसाड डोंगरउतार घेतला, म्हणजे आमच्यात ज्यांच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा होता त्यांच्या नावावर, कारण महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अमेरिकेत संस्था उठते आणि जमीन घेते तसं सरळ इथे होत नाही, हे देणगी देणाऱ्या मंडळींनी समजून घ्या. कुणी तुमच्याकडे जंगल वाचवायला पैसे मागितले तर पहिला प्रश्न हा की सातबारा कुणाच्या नावावर आहे. माझ्या माहितीतल्या दुसऱ्या एका गटात जमीन एका सद्गृहस्थांच्या नावावर होती, माणूस अगदी सरळ, पण ते गेल्यावर वारसांनी प्लॉटिंग करून विकली. वर्गणी देणाऱ्यांच्या हातात फक्त बँकेचं स्टेटमेंट राहिलं.

तर आमचं. आम्ही झाडं लावलीच नाहीत. सुरुवातीला खूप लोक नाराज झाले, वाढदिवसाला झाड लावायला येऊ का म्हणून विचारायचे. पण जमिनीखाली जुनी खुंटं जिवंत होती, दरवर्षी पावसात फुटायची आणि दरवर्षी फेब्रुवारी ते मे मधल्या वणव्यात जळायची. वणवा थांबवला आणि चराई आवरली की ती आपोआप वर येतात. म्हणून आमचा सगळा खर्च जाळरेषेवर. गवत वाळलं की हद्दीने पट्टा साफ करायचा, गवत कापून, कडेने नियंत्रित जाळून, आणि हे वाऱ्याचा अंदाज बघून पहाटे करायचं काम, ते गावातली माणसंच करू शकतात, आणि त्यांना त्याची नीट मजुरी मिळालीच पाहिजे. जाळरेषेला देणगी मागून बघा एकदा. फोटोत काय दिसणार, काळा पट्टा! पण त्या काळ्या पट्ट्याच्या आत आज करवंदीच्या जाळ्या आहेत, कुंभा आहे, उंबर आलाय, आणि पाऊस संपल्यावर ओहोळ पूर्वीपेक्षा जास्त दिवस वाहतो असं खालच्या वाडीतले लोक स्वतःहून सांगतात.

गुराख्यांशी भांडू नका एवढंच सांगेन. गुरांची वाट आणि पाणी आधी ठरवून दिलं तर तेच पहिला धूर दिसल्याबरोबर फोन करतात.

सॅनहोजे_वहिनी:
आमच्या बे एरियातलं सांगते. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाला मिठागरं होती, विमान उतरताना लाल, नारिंगी, हिरवी दिसतात ती. 2003 मध्ये त्यातली 15,000 एकरांहून जास्त सरकारने कारगिल कंपनीकडून घेतली, 10 कोटी डॉलर्सचा व्यवहार, त्यात खासगी फाउंडेशन्सनीही मोठा वाटा उचलला. आता बांध फोडून हळूहळू भरतीचं पाणी आत घेतायत, म्हणजे खाडीची दलदल परत तयार होतेय. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, कारण गाळ साचायला वर्षं जातात, काही तळी पाखरांसाठी तशीच ठेवायची असतात, शिवाय जुन्या पाऱ्याच्या खाणींतून आलेला पारा गाळात आहे तोही सांभाळायचा.

पैशाचं म्हणाल तर 2016 मध्ये मेझर एए नावाचा ठराव नऊ काउंटींच्या मतदारांनी मंजूर केला, प्रत्येक मालमत्तेमागे वर्षाला 12 डॉलर, 20 वर्षं, त्यातून वर्षाला अडीच कोटी डॉलर खाडीकाठासाठी. घराच्या टॅक्सच्या बिलात ती ओळ दिसते तेव्हा मला बरं वाटतं. देणगी आणि टॅक्स दोन्ही हवेत असं माझं मत, कारण देणगी उत्साहावर चालते आणि दलदल वाढायला उत्साहापेक्षा जास्त वर्षं लागतात.

आणि नोकरी करणाऱ्यांनी आपल्या कंपनीचं मॅचिंग (आपण दिलेल्या देणगीला कंपनीने घातलेली जोड) जरूर बघा, किती तरी जण फॉर्म भरायचा कंटाळा करतात आणि तेवढेच पैसे ट्रस्टला मिळायचे राहतात.

खाडीकाठ:
नवी मुंबई. आमच्याकडे पाणथळ विकत घ्यायचा प्रश्नच येत नाही, जमीन प्राधिकरणाची. फ्लेमिंगो येतात त्या तळ्यांत भरतीचं पाणी यायचा मार्ग बुजला की तळं सुकतं आणि मग म्हणायचं इथे पाणथळ नाहीच. आमची वर्गणी जाते वकिलाच्या फी, जुन्या नकाशांच्या प्रती, माहिती अधिकाराचे अर्ज यांच्यात. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या) आली तेव्हा खूप आनंद झाला, पण आजूबाजूची छोटी तळी त्या हद्दीत नाहीत आणि भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पाखरं बसायला तिथेच येतात. सोसायटीतल्या निवृत्त काकांनी रोज सकाळी तारीखवार फोटो काढून ठेवलेत, पाणी कधी होतं, कधी नव्हतं. कोर्टात त्याचाच उपयोग झाला. पैसे नसतील तर हे करा.

केंब्रिज_आजोबा:
मुलाकडे इंग्लंडला येऊन जाऊन असतो. इथे जवळच विकन फेन ही राखलेली दलदल आहे, नॅशनल ट्रस्टने 1899 मध्ये 10 पौंडांना 2 एकर घेतले तिथून सुरुवात, आज शेकडो हेक्टर झालंय. फळ्यांच्या वाटेवरून व्हीलचेअर सुद्धा जाते. आजूबाजूची दलदल शेतीसाठी उपसून कोरडी केली तशी ती जमीन खचत गेली, आणि हा ओला तुकडा आता भोवतालापेक्षा उंच दिसतो, हे मी स्वतः उभं राहून पाहिलं आणि थक्क झालो. मी दरमहा थोडे पेन्शनमधून देतो.

रानहळद:
बंगळुरात असते. वायनाडला तिरुनेल्ली–कुद्रकोट हत्तींचा मार्ग आहे, तिथे वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने देणग्यांमधून वाटेतल्या वस्त्यांची जमीन घेतली, राजी असलेल्या कुटुंबांना दुसरीकडे घरं आणि शेती दिली, आणि जमीन केरळच्या वनखात्याकडे सोपवली. म्हणजे "विकत घ्या आणि सरकारला द्या" हा मार्ग भारतात झालेला आहे. माझी अट एकच, माणसं खरंच राजीखुशीने निघाली का हे दात्यांनी विचारलं पाहिजे, हत्तीचं नाव घेतलं की कुणी विचारत नाही.

कातळफूल:
रानहळद, सहमत. आणि देवराईचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या शेजारच्या गावात देवराई होती, झाडाची फांदी सुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक. मग मंदिराचा जीर्णोद्धार निघाला, मुंबईकरांनी भरघोस वर्गणी दिली, आणि स्लॅबच्या मंदिराला जागा आणि पैसा दोन्ही कमी पडले तेव्हा देवराईतली मोठी झाडं विकली. देणगी देणारे सगळे भक्तिभावाने देत होते. देवळासाठी वर्गणी मागायला आले तर पावतीवर लिहून घ्या, राईला हात लावायचा नाही. आमच्या वाडीत आम्ही तसं लिहून घेतलं, यंदा पत्रे बदलले, राई जशीच्या तशी आहे.

ओलीमाती:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! घाटवाट, सातबाऱ्याचा मुद्दा सगळ्यात आधी वाचावा असा आहे. खाडीकाठ, तुमच्यासाठी एक गोष्ट: आमच्या शेजारच्या चार्ल्स नदीला पूर यायचा तेव्हा लष्कराच्या इंजिनियरांनी अभ्यास करून वरच्या अंगाला आणखी धरण नको, तिथली दलदलच पुराचं पाणी धरून ठेवते, ती राखा असं सांगितलं. 1974 मध्ये अमेरिकन काँग्रेसने मंजुरी दिली आणि सुमारे 8,100 एकर पाणथळ सरकारने काही विकत घेऊन, काही करारांनी बांधून तसंच ठेवलं. तुमच्या वकिलांना उपयोगी पडेल कदाचित.

कातळफूल, कराराची मुदत संपताना मालकाला भरवशाचं उत्पन्न राहावं म्हणून इथले काही ट्रस्ट वेगळा निधी बाजूला ठेवतात, मुद्दलाला हात लावत नाहीत आणि व्याजातून दरवर्षीची राखण करतात. तुमच्या तालुक्यात असं काही बसवायचं असेल तर किती मालक, किती एकर, दरवर्षी किती लागतील याचा कच्चा हिशेब इथेच टाका. सॅनहोजे वहिनी, तुमच्या मॅचिंगवाल्या मंडळींना तो दाखवता येईल का?

सॅनहोजे_वहिनी:
टाका टाका. फक्त परदेशी देणगी घ्यायला तिथल्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, ते आधी विचारून ठेवा.

कातळफूल:
गावी जातोय पुढच्या आठवड्यात, तलाठ्याकडून उतारे काढून आणतो मग लिहितो.