डेअरीवरच्या ओळखीतून जमलेले लग्न घरी कसे सांगावे?

प्रश्न
नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका लहान गावात राहते, माझे वय 23 असून बी.ए. झाले आहे. घरी तीन म्हशी आहेत आणि रोज सकाळी डेअरीवर दूध घालायला मीच जात असे. तिथे फॅट तपासून चिठ्ठी देणाऱ्या मुलाशी ओळख झाली आणि दोन वर्षांपासून आम्ही लग्न करायचे ठरवून आहोत. तो 26 वर्षांचा आहे, घरी तीन एकर जिरायत आणि थोडी मेंढरे आहेत. तो धनगर, आम्ही मराठा. महिन्यापूर्वी चुलतीने आम्हाला बोलताना पाहिले. त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिने किटली विसळून धाकट्या भावाच्या हातात दिली. तेव्हापासून माझे डेअरीवर जाणे बंद आहे. वडिलांनी पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचे स्थळ आणले आहे. डेअरीवरचा मुलगा म्हणतो, पळून जाऊ. पण बहीण बारावीला आहे, आणि माझ्यामुळे तिचे शिक्षण थांबेल ही भीती मला झोपू देत नाही. मी काय करावे?

निवृत्त शिक्षक, माणदेश
पोरी, तुझ्या वडिलांच्या मनात जात आणि भावकी आहेच, पण ज्या माणसाने 2019 साली चारा छावणीत जनावरांबरोबर दिवस काढले असतील, त्याला लेक पुन्हा जिरायतीत द्यायची हिंमत होत नाही, हेही तितकेच खरे आहे. सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मोर्चा काढला, त्याच्या मुळाशी हेही एक कारण असावे. म्हणून त्या मुलाने आधी आपल्या मिळकतीचा नीट हिशेब मांडावा. तू पहिल्यांदा आईशी बोल आणि मग मामांना मध्ये घाल. आपल्याकडे बापाला न पटलेली गोष्ट मामाने पटवून दिल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

वकील, सातारा
मॅडम, आपण दोघेही सज्ञान आहात आणि दोघेही हिंदू असल्यामुळे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार विधिवत लागलेले लग्न आंतरजातीय असले तरी पूर्ण वैध आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने करायचे झाल्यास 30 दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि तालुक्याच्या गावी ती गोष्ट लपून राहत नाही, हे लक्षात घ्यावे. जीविताची भीती वाटल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिले आहेत. कोणी वाळीत टाकले, तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

पळून लग्न केलेली एक बाई
ताई, वकीलसाहेबांचे सगळे बरोबर आहे, पण कायद्याने लग्न टिकते, माहेर टिकत नाही. मी अकरा वर्षांपूर्वी रात्री घर सोडले. नवरा चांगला आहे, त्याच्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. मात्र महिनाभरात माझ्या बहिणीला कॉलेजातून काढून तिचे लग्न उरकले आणि ती आजही माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुझी भीती मला अगदी खरी वाटते. तुझ्या बहिणीची बारावीची परीक्षा होईपर्यंत थांब, त्या स्थळाला स्वतःच्या तोंडाने नाही म्हण, आणि शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, आधार आपल्या ताब्यात ठेव. घरात मारहाण झाली किंवा कोंडून ठेवले, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस.

प्रश्नकर्ती
आपण सर्वांनी मनापासून लिहिलेत, आभारी आहे. आज संध्याकाळी धार काढताना आईला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, तिने म्हशीला पाणी दाखवले आणि मग एवढेच विचारले, की त्याच्या आईला हे माहीत आहे का. उद्या मामांना फोन करणार आहे.