शेवट न लिहिलेली कादंबरीमाला वाचायला घ्यावी का?

प्रश्न: जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पहिला खंड १९९६ साली आणि पाचवा २०११ साली आला, सात खंडांचा संकल्प असूनही सहाव्याचा पत्ता नाही. अशा स्थितीत हजारो पाने वाचावीत का?

प्रतिसाद १: अवश्य वाचावीत, निदान तिसऱ्या खंडापर्यंत तरी. वेढ्यात उपासमार सोसणाऱ्या किल्ल्यात कांदे पोहोचवणाऱ्या डाव्होस या पात्राला किल्ल्याचा रक्षणकर्ता स्टॅनिस सरदारकी देतो आणि जुन्या चोरट्या व्यापाराबद्दल त्याच्या बोटांची पेरेही छाटतो. ती हाडे डाव्होस गळ्यातल्या थैलीत जपतो. हा कठोर न्याय अनुभवायला शेवट कशाला हवा?

प्रतिसाद २: मला हे पटत नाही. पुढे पसारा इतका वाढतो की चौथ्या आणि पाचव्या खंडांतील घटना बऱ्याच अंशी एकाच काळात घडतात, टिरियनसारखे प्रमुख पात्र चौथ्यात दिसतही नाही, आणि पाचवा तर ऐन मोक्यावर थांबतो.

प्रश्नकर्ता: या पुस्तकांवरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेचा २०१९ मधला शेवट पुरेसा ठरेल का?

प्रतिसाद १: नाही. पुस्तकांतली काही महत्त्वाची पात्रे तिथे आलीच नाहीत, त्यामुळे त्यांचे धागे तुम्हाला लोंबकळतच सापडतील.