अर्थशास्त्राचा प्राध्यापक: पुण्यात तासिका की कोल्हापुरात कायम?

प्रश्न: नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास झालोय, पुण्यात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, अर्थशास्त्र शिकवतो. कोथरूडला वन बीएचकेचं भाडं 18 हजार आणि मे महिन्यात मानधन शून्य. कोल्हापूरच्या अनुदानित कॉलेजात कायम जागा निघालीय. जावं का? बायकोची नोकरी पुण्यात आहे.

उत्तर 1: सर, डोळे झाकून जा! सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू, वर महागाई भत्ता. घरभाडे भत्ता पुण्यापेक्षा कमी मिळेल, पण कोल्हापुरात फुलेवाडीत आमचा वन बीएचके 9 हजारांत आहे.

उत्तर 2: बायकोचा पगार बुडाला तर? तो हिशेब आधी मांडा.

प्रश्नकर्ता: तिला आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं. अर्ज भरतोय.