सिलिंडर हेडचे बोल्ट सोडवण्यासाठी नेमका कोणता पाना घ्यावा?

चिकोडीकर शेतकरी:

आमच्या जुन्या चार सिलिंडरच्या डिझेल पिकअपच्या रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना बुडबुडे येतात आणि दोन दिवसांत लिटरभर पाणी कमी होते. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधले सील) गेले असावे असे धरून मी हेड उतरवायला घेतले आहे. दहापैकी पहिलाच बोल्ट बारा कोनी रिंग पान्याला पाइप लावून सोडवू पाहिला, तेव्हा पाना 'टक्' करून निसटला आणि बोल्टचे कोपरे गोल झाले. डोके बाहेरून षट्कोनी, 17 नंबरचे आहे. शेजारचे टायरवाले त्यांची इंपॅक्ट गन देतो म्हणतात. ऊस तोंडावर आला आहे. उरलेल्या नऊ बोल्टना हात लावण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खानापूरचा मेकॅनिक:

दादा, आपला जोर कमी पडला नाही, पाना चुकीचा पडला. बारा कोनी पाना षट्कोनी डोक्याला कोपऱ्यांच्या जवळच टेकतो, त्यामुळे सगळा ताण कोपऱ्यांवर येतो आणि डोके जरा झिजलेले असले की ते गोल होतात. सहा कोनी गोटी (सॉकेट) सपाट बाजूंवर दाब देते. अर्धा इंची चौकोनाची, जाड भिंतीची, 17 नंबरची सहा कोनी गोटी घ्या आणि तिला साधा लांब दांडा लावा. रॅचेट वापरू नये, कारण एवढ्या ताणाला त्याचे दात तुटतात. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) तर सोडवण्यासाठी कधीच वापरू नये. त्याचे मोजमाप बिघडते. हिशेब सोपा आहे: पंचवीस किलोच्या ओढीने 25 सेंमीच्या दांड्यावर सुमारे 61 न्यूटन-मीटर (फिरवण्याचा जोर) मिळतात, तर 60 सेंमीच्या दांड्यावर 147. एक्स्टेन्शन (गोटी आणि दांड्यामधली जोड) शक्य तितके आखूड ठेवा, कारण लांब एक्स्टेन्शन पिळते आणि गोटी तिरकी करते.

आणखी एक, जे बहुतेकजण विसरतात: गोटी बसवण्यापूर्वी डोक्याभोवतीची चिखल-तेलाची खपली पोकरने काढून फुंकून टाका. दोन मिलिमीटर कचरा खाली राहिला तरी गोटी तेवढीच वर बसते आणि पहिल्याच ओढीला निसटते. दांडा स्वतःकडे ओढावा, ढकलू नये. निसटला तर बोटांची सालं निघतात, हे मी अनुभवाने सांगतो.

उद्यमबागेतील टर्नर:

वरील मुद्द्यांशी सहमत आहे. गोल झालेल्या बोल्टविषयी सांगतो. तो शेवटासाठी ठेवू नका. बाकीचे नऊ सैल केलेत तर सगळा ताण त्याच एकावर येईल, तो आणखी आवळेल आणि ॲल्युमिनियमचे हेड असल्यास वाकण्याचा धोका आहे. आधी त्याच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या, म्हणजे आट्यांची पकड ढिली पडते. मग उलट्या पिळाचे दात असलेली बोल्ट काढायची खास गोटी ठोकून बसवा. तीही फिरली तर डोक्यावर नट वेल्ड करावा. वेल्डिंगची उष्णताच अर्धे काम करते, पण बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडाव्यात आणि डिझेलचे फडके दूर ठेवावे.

एवढे झाले की उरलेले बोल्ट टोकांकडून मधल्या बोल्टांकडे, इंजिन पूर्ण थंड असताना, पहिल्या फेरीत प्रत्येकी पाव वळसाच सोडवा. काही गाड्यांत बोल्टचे डोके आतून षट्कोनी किंवा बाहेरून ताऱ्यासारखे असते. तिथे जुळणारा बिट नसेल तर काम सुरूच करू नये.

निपाणीकर:

इंपॅक्ट गनबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून सांगतो. लोखंडी ब्लॉकच्या ट्रॅक्टरवर मी ती वापरली आहे आणि बोल्ट सुटले आहेत. पण पहिला झटका हाताने द्यावा. गनला हाताचा अंदाज नसतो. बोल्ट आतून तुटतो आहे की सुटतो आहे हे तिच्यातून कळत नाही. शिवाय क्रोमची चकचकीत गोटी गनवर लावू नये, ती तडकते.

चिकोडीकर शेतकरी:

सर्वांचे आभार. बाजारात गोटी घ्यायला गेलो तर दुकानदाराने कन्नडमध्ये 'आरु मूले की हन्नेरडु मूले' (सहा कोपरे की बारा कोपरे) असे विचारले, तेव्हा पहिल्यांदाच मी नेमके सहा कोनी मागितले. गोल झालेला बोल्ट तीन ठोके आणि उलट्या पिळाच्या गोटीने निघाला, वेल्डिंगची गरज पडली नाही. बाकीचे नऊ लांब दांड्याने सुटले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट जळालेले सापडले. जुनेच बोल्ट परत वापरू का?

उद्यमबागेतील टर्नर:

आपल्या गाडीच्या पुस्तकात अंशांनी आवळण्याचे लिहिले असेल तर ते बहुधा आवळताना कायमचे ताणले जाणारे बोल्ट आहेत, नवे घ्या. बसवण्यापूर्वी ब्लॉकमधील भोके हवेने कोरडी करा, कारण तळाशी राहिलेले तेल किंवा पाणी दबत नाही आणि बोल्ट आवळताना ब्लॉकलाच चीर पडू शकते. हेड आमच्याकडे आणा, सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते वाकले आहे का पाहून घेऊ.