कानांनी शिकलेले विज्ञान: आपले अनुभव लिहा

विज्ञानावरचे किंवा निसर्गावरचे एखादे व्याख्यान वा पॉडकास्ट ऐकल्यावर रोजच्या पाहण्यातली गोष्ट वेगळी दिसू लागली, असे आपल्या बाबतीत घडले असेल, तर ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते. शाळेत असताना बाबा मला पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना नेत असत. जयंत नारळीकर सर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. तो प्रश्न ठरवण्यात माझे दोन आठवडे गेले आणि त्या दोन आठवड्यांत मी रोज रात्री गच्चीवर जाऊन आकाश न्याहाळले.

*

मी लीड्सला राहतो. बीबीसी रेडिओ ४ वर २०१३ मध्ये सुरू झालेला ‘ट्वीट ऑफ द डे’ हा कार्यक्रम जेमतेम दीड मिनिटाचा आहे: एका वेळी एकच पक्षी, त्याचा आवाज आणि थोडकी माहिती. गलबल्यातून एक आवाज वेगळा काढून ऐकायला मी त्यावरून शिकलो. गेल्या पावसाळ्यात आंबोलीला मामाकडे गेलो असता, पहाटे अंधारातच कोणी मुलगा मनाला येईल तशी शीळ घालत हिंडतो आहे, असे वाटले. पागोळ्यांच्या आवाजातून ती शीळ टिपत मी अर्धा तास पडवीत बसून होतो. उजाडल्यावर ओढ्यातल्या दगडावर निळसर काळा शीळकरी कस्तूर दिसला. नावात कस्तूर असला, तरी जनुकीय अभ्यासानंतर त्याची गणना माशीमार पक्ष्यांच्या कुळात होते, हे मागाहून एका व्याख्यानात कळले. मामी म्हणाली, “हा दर पावसाळ्यात गातो रे, तू कधी ऐकलाच नाहीस.”

*

निवेदनाखाली सतत वाजणारे संगीत मला खटकते. बेडकांचा आवाज ऐकवायचा असेल, तर तेवढा वेळ बाकी सगळे थांबवावे.

*

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला काही दिवस वाचायची मनाई होती, तेव्हा मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेल्या मेणबत्तीवरच्या व्याख्यानांचे वाचन नातीने मोबाइलवर लावून दिले. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा पांढरा धूर म्हणजे मेणाचीच वाफ असते आणि तिला पेटती काडी दाखवली, तर ज्योत वातीपर्यंत परत येते, असे त्यात होते. इतकी वर्षे देवापुढे दिवा लावूनही मला हे ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही दोघींनी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि काडी वातीच्या दोन बोटे वर धरली. ज्योत धुरावरून सरकन खाली उतरली. “आजी, पुन्हा!” असे करत आम्ही अर्धी काड्यापेटी संपवली.