पाय आत वळतो, वजन ९२ - मोशन कंट्रोल (पाय आत वळणं रोखणारे) शूजच लागतील का? मदत हवी आहे

मंडळी, शूजच्या बाबतीत पार गोंधळलोय. वजन ९२ किलो, तळपाय सपाट, ओला पाय फरशीवर ठेवला की मधली कमान दिसतच नाही, अख्खा पाय उमटतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायची आहे म्हणून यवतेश्वर घाटात सराव चालू आहे, चढताना काही त्रास नाही पण उतार लागला की डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी नडगी ठणकते. तिथे तर अर्धी रेस उतरायचीच आहे!

सध्याचे शूज न्यूट्रल, म्हणजे आतल्या बाजूला खास आधार नसलेले. टेबलावर ठेवून मागून बघितले तर दोन्ही एकमेकांकडे कललेत, आतल्या बाजूचा फोम चेपलाय, बाहेरचा जवळजवळ नवा.

फिजिओने मी पळताना व्हिडिओ काढला आणि म्हणाले मोशन कंट्रोल बघा. दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणे असले शूज आता कोणी बनवतच नाही, आणि समोर काय ठेवलं तर जाड मऊ न्यूट्रल, कारण माझ्या मापात तेवढाच शिल्लक होता.

आता ब्रूक्स कंपनीचा बीस्ट हा मोशन कंट्रोल शू बनतो हे माहितीये, पण मला २ई (जास्त रुंद) माप लागतं आणि तो इथे सापडेना. असिक्स कायानो सहज मिळतो पण ३० व्या व्हर्जनपासून त्यातला आतल्या बाजूचा कडक फोम, तो मीडियल पोस्ट, काढून टाकलाय, मग माझ्या वजनाला तो पुरेल का? की ब्रूक्सचाच सपोर्टवाला ॲड्रेनलिन जीटीएस घेऊ? आणि फिजिओने दिलेला कडक इनसोल त्यात घातला तर चालेल ना? ९०+ वाल्यांनी प्लीज सांगा, बारीक लोकांचे रिव्ह्यू वाचून कंटाळलो.

घाटपळ्या: मी ९५ चा आहे दादा, कायानोवर भागतं माझं. पोस्ट काढला तरी बूड रुंद आहे, पाय कलंडत नाही. इनसोल घालणार असाल तर आधी शूजमधला मूळचा काढा, आणि सपोर्टवाला शूज अधिक कडक इनसोल असं दोन्ही एकदम नको, पाय उलट बाहेर ढकलला जातो आणि गुडघा बोलायला लागतो. माप संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा.

सपाटतळवा: शूज नंतर बघा हो. भिंतीला हात लावून फक्त डाव्या पायावर टाच उचलून बघा. उचलत नसेल किंवा घोट्याच्या आतल्या हाडामागे दुखत असेल तर तिथला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) दुखावलेला असू शकतो, आधी ऑर्थोपेडिकला दाखवा आणि तोवर उतार बंद. टाच उचलते का ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.