डेप्रिकेटेडला मराठीत काय म्हणता? (कालबाह्य सोडून सांगा)

गवती चहा
डिप्लोमाच्या पोरांसाठी जँगोच्या (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) मराठी नोट्स लिहितोय, त्यात अडकलोय. डेप्रिकेटेडला (अजून चालतं, पण पुढे काढणार म्हणून वापरू नका) मी सरळ 'कालबाह्य' लिहून मोकळा झालो होतो तर एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली, सर हे यूआरएल फंक्शन तुम्ही कालबाह्य म्हणताय पण माझं पान तर मस्त उघडतंय. बघितलं तर तिच्याकडे जँगो ३.२ होतं. ते फंक्शन ३.१ ला डेप्रिकेट झालं आणि काढलं थेट ४.० मध्ये, म्हणजे मधे चालणारच की. ती बरोबर, माझा शब्द चूक.

तिसरी घंटा
त्याज्य? वर्ज्य?

गवती चहा
वर्ज्य म्हणजे भूपात मध्यम, तो लागलाच नाही पाहिजे. इथे तर लागतोय, फक्त पुढच्या मैफलीत नसणार. आणि त्याज्य म्हटलं की चातुर्मासातलं वांगं आठवतं राव.

कोपऱ्यातलं टेबल
आधी त्या लोकांचं प्लॅनिंग कसं चालतं ते बघा म्हणजे शब्द सापडेल. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी, क्रम x.०, x.१, x.२ आणि मग पुढचा आकडा, त्यातल्या x.२ ला तीन वर्षं सपोर्ट. एखादी गोष्ट नकोशी झाली तरी लगेच हाकलत नाहीत, त्या आकड्याच्या सगळ्या आवृत्त्यांत ती चालू राहते, फक्त वॉर्निंग देते, आणि पुढच्या .० ला जाते (अगदी x.२ मध्ये डेप्रिकेट झाली असेल तर .१ ला). वॉर्निंगचं नावच बघा, रिमूव्ह्ड-इन-जँगो-४०-वॉर्निंग, मृत्युयोग पत्रिकेतच लिहिलेला. तर जो अजून खुर्चीवर आहे, ज्याची जायची तारीख ठरलीये आणि बहुतेक वेळा ज्याच्या जागी येणाराही ठरलाय, त्याला मराठीत शब्द आहे. मावळता. साहित्य संमेलनाचे मावळते अध्यक्ष म्हणतो तसा.

तिसरी घंटा
आवडला. पण मावळते अध्यक्ष निदान स्टेजवर दिसतात तरी, ह्या वॉर्निंगा पायथनमध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत, प्रोग्राम चालवताना मुद्दाम डब्ल्यूचा फ्लॅग (-W) लावून मागाव्या लागतात. गवती चहा, हे नोट्समध्ये टाकाच, नाहीतर पोरं ४.० वर गेली की थेट इंपोर्ट एररच.

चष्मा विसरलो
मला 'नोटीस पिरियडवर' जास्त पटतं, आमच्या ऑफिसात कोणालाही लगेच कळेल. पण मूळ मुद्दा मान्य, कालबाह्य म्हणजे मेलेलं आणि हे मेलेलं नाही. ह्या गोंधळाचं सगळ्यात मोठं उदाहरण अँग्युलर, गूगलचं वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क. २०१४ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या कॉन्फरन्समध्ये पुढच्या पिढीचा प्लॅन दाखवला आणि स्लाइडवर स्कोप, कंट्रोलर वगैरे जुन्या भागांची चक्क थडगी काढली. जुन्यावर ज्यांची पोटं होती ते हादरले, आपला कोड उद्यापासून बंद असंच वाटलं. प्रत्यक्षात नवीन अँग्युलर आलं सप्टेंबर २०१६ ला आणि जुन्याचा सपोर्ट संपला ३१ डिसेंबर २०२१ ला. थडगं बांधून वर सात वर्षं नांदवलं!

कोपऱ्यातलं टेबल
आणि तिथे 'पिढी' हा शब्द बरोबर आहे हां. आवृत्ती म्हणजे तेच पुस्तक, चार प्रकरणं वाढवलेली. अँग्युलर २ मध्ये पुस्तकच दुसरं, फक्त आडनाव तेच. जँगो १ ते २ मात्र आवृत्तीच, पायथन २ सुटलं, ऑन-डिलीट (मूळ नोंद पुसली तर जोडलेल्या नोंदींचं काय करायचं ते) लिहिणं सक्तीचं झालं, पण घर तेच राहिलं. मराठीत लिहिणारे नेक्स्ट जनरेशन दिसलं की सरसकट पुढची पिढी लिहितात, जरा बघून लिहा.

तिसरी घंटा
अँग्युलरमध्ये २ नंतर एकदम ४ आलं ना? ३ कुठे गेलं?

कोपऱ्यातलं टेबल
अँग्युलरच्या राउटरचा (पत्त्यावरून पान ठरवणारा भाग) आकडा आधीच ३ वर गेला होता, बाकीचे भाग २ वर. सगळ्यांना एका रांगेत आणायला मार्च २०१७ ला सरळ ४. पंचांगाच्या भाषेत तृतीयेचा क्षय.

चष्मा विसरलो
😂 आता लगे हाथ ब्रेकिंग चेंजचंही (ज्या बदलाने जुना कोड बंद पडतो तो) सांगा. मी 'मोडता बदल' सुचवणार होतो पण मग 'मोडता घालणे' आठवलं. तसं ते पण खरंच आहे म्हणा, आमच्या अपग्रेडात दर वेळी तोच मोडता घालतो.

गवती चहा
ब्रेकिंग चेंज राहू दे तसाच, पोरं बोलतात. दीर्घकालीन आधार लिहिलं होतं ते पण काढलं, कार्डाचं वाटत होतं, आता लाँग टर्म सपोर्ट. पण मावळता घेतला. आत्ताच वाक्य बदललं: "हे फंक्शन ३.१ पासून मावळतं आहे, ३.२ मध्ये चालेल, ४.० मध्ये उचलबांगडी." सहकारी म्हणाले उचलबांगडी काढा, नोट्स आहेत. मी ठेवलीये.

तिसरी घंटा
ठेवाच. फक्त मेथड असेल तर मावळती, लिंग सांभाळा.